चौथी जाहिरात

सेव्हर्न, मेरीलँड
७ जानेवारी २०२४

ती. थियास,
शि. सा. न. वि. वि.

नाताळचा केक पोचला. मार्सी म्हणते चांगला आहे, मी म्हणतो जड आहे. दोन्ही खरं आहे. तिच्या गुडघ्याचं बरं चाललंय. बर्फ अजून पडलेलं नाही, फावडं मात्र दाराशी तयार ठेवलंय.

आता कामाचं. सोबत चार जाहिराती पाठवतोय. तुला ठाऊक आहेच, ३१ मे २०२२ला आमचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि आम्ही एकोणचाळीस जणांनी गळ्यातली ओळखपत्रं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. गुपितं हाताळायचा आमचा सरकारी परवाना काही त्याच दिवशी जात नाही. कुठल्याही कंपनीच्या नावावर नसलेला परवाना दोन वर्षं तग धरतो, मग मरतो. म्हणजे या ३१ मेला. मेलेला जिवंत करायला वर्ष-दीड वर्षाची नवी चौकशी लागते, आणि त्रेपन्न वर्षांच्या माणसासाठी तेवढं थांबायला कुठलीच कंपनी तयार नसते. परवान्याशिवाय मला जे येतं ते करायला जगात कुठेच जागा नाही. काय येतं हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

जाहिराती मी रंगीत पेन्सिली घेऊन वाचतो. दीड वर्षात सहा पेन्सिली संपल्या. त्यांना काय हवंय ते त्यांना लिहिता येत नाही, मला काय येतं ते मला लिहिता येत नाही. तू दोन हजार वर्षांपूर्वीची अर्धवट वाक्यं वाचून पोट भरतेस. ही वाचून बघ. नाही कळलं तर तसं कळव, मला बरं वाटेल.

लोभ आहेच, तो ठेवावा.
तुझा,
वेंडेल

---

ॲथेन्स, ओहायो
१५ जानेवारी २०२४

चि. वेंडेलास,
अ. उ. आ.

केक जड असतोच. तो टिकण्यासाठी करतात, खाण्यासाठी नव्हे. आई तो ईस्टरपर्यंत पुरवायची आणि नंतर दार उघडं राहावं म्हणून लावायची.

तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या मोटारीने घेतला नाही. चोवीस वर्षं फोन बाहेर मोटारीत ठेवून आत जायची सवय होती हे मान्य, पण आता तू आत जातोस ते स्वतःच्या स्वयंपाकघरात. असो. पत्रं मला आवडतात. ॲथेन्स नावाच्या गावात राहून मुलांना संस्कृत शिकवणाऱ्या बाईला जुनाट गोष्टींचं वावडं नसतं.

तुझ्या जाहिराती वाचल्या. पहिल्या वाचनात वाटलं, हे लिखाण अपौरुषेय आहे. कुणा माणसाने लिहिलं असणं शक्य नाही. “ग्राहकाच्या मोहिमेला गतिमान वातावरणात पाठबळ देणारा उमेदवार हवा. कामाचे स्वरूप विविध. ठिकाण मेरीलँड. अधिक तपशील योग्य वेळी.” ग्राहक कोण ते नाही, मोहीम कसली ते नाही. आमच्या मीमांसकांचा एक नियम आहे : ज्या यज्ञाचं फळ सांगितलेलं नाही, त्याचं फळ स्वर्ग समजावं. तुमच्या जाहिरातींत पगार लिहिलेला नाही. तेव्हा स्वर्ग समज.

दुसऱ्या वाचनात मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पहिल्या तीन जाहिराती तीन कंपन्यांच्या आहेत, भाषा तीन तऱ्हांची आहे. पण तिन्हींत एक अट आहे : उमेदवाराला चाळीस पौंडांची पेटी उचलून तीन जिने चढता आलं पाहिजे. आता मेरीलँडमध्ये लिफ्ट नसलेल्या, तीन जिन्यांच्या, पेट्या वाहाव्या लागणाऱ्या सरकारी इमारती किती असतील? माझ्या मते या तीन नोकऱ्या नाहीतच. एकच खुर्ची आहे आणि तिच्याभोवती तीन कंपन्या फेर धरून नाचताहेत. तू तिन्हीकडे अर्ज केलास ना? म्हणजे एकाच वधूला तीन मध्यस्थांकरवी मागणी घातलीस.

चौथीकडे अजून नीट पाहिलेलं नाही. परीक्षेच्या वह्या वाट बघताहेत. तुझा बायोडेटाही पाठव. नुसती कुलपं पाहून चावीची परीक्षा करता येत नाही.

मार्सीला सांग, गुडघ्याला ऊब दे आणि नवऱ्याला काम दे.
आशीर्वाद आहेतच, वापरत जा.
थिया

---

सेव्हर्न
४ फेब्रुवारी २०२४

ती. थियास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं बरोबर निघालं. तिन्ही कंपन्यांना फोन केला. कंत्राट अजून कुणालाच मिळालेलं नाही. तिघी बोली लावणार आहेत, आणि बोलीत दाखवायला माणसांची नावं गोळा करताहेत. कंत्राट मिळालं तर नोकरी, नाही तर आभार. निकाल ऑगस्टात. म्हणजे माझा परवाना मेल्यावर अडीच महिन्यांनी. दीड वर्षात मी एकसष्ट अर्ज केले. त्यांतल्या खऱ्या खुर्च्या किती, ते आता मोजायला बसलो नाही. मार्सी म्हणाली, एवढं शिकलेली नणंद आहे तर आधीच का नाही विचारलंस. मी म्हणालो, अभिमान. ती म्हणाली, तो किती पौंडांचा?

बायोडेटा सोबत आहे. आमच्याकडे तो आधी तपासायला द्यावा लागतो. मी चार पानं दिली होती. अकरा आठवड्यांनी अर्धं पान परत आलं. १९९८ ते २०२२ या रकान्यात एवढंच उरलंय : “विविध कामांत मदत केली.” मार्सीने ते उभ्याने वाचलं आणि म्हणाली, चोवीस वर्षं मी विचार करत होते हा माणूस रोज सकाळी जाऊन करतो तरी काय. आज कळलं. मदत करतो. घरात नाही केलीस ती सगळी तिकडेच केलीस होय रे? मग आम्ही बराच वेळ हसलो, आणि मग ती भांडी घासायला गेली.

थिया, एक विनंती. चौथी जाहिरात पुन्हा वाच. सावकाश वाच. आणि वाचून काय वाटलं ते मला लिहू नकोस.

लोभ कमी न व्हावा.
वेंडेल

---

ॲथेन्स
१२ फेब्रुवारी २०२४

चि. वेंडेलास,
अ. उ. आ.

वाचली. तुझ्या इच्छेप्रमाणे काही लिहीत नाही.

फक्त सामान्य शास्त्रचर्चा म्हणून एक सांगते, तिचा कुणाशी संबंध नाही. समज, एखाद्या जाहिरातीत म्हटलंय की उमेदवाराला रोमेनियन वाचता यावं, जुनी टेपयंत्रं दुरुस्त करता यावीत, आणि एका चमत्कारिक नावाच्या प्रणालीचा चोवीस वर्षांचा अनुभव असावा. वीस नाही, पंचवीस नाही, चोवीस. अशी जाहिरात कुणी उमेदवार शोधायला लिहीत नाही. कंत्राट घेतलेल्या नव्या कंपनीत कुणालाच माहीत नसतं की त्या खुर्चीला काय लागतं, म्हणून आधी बसणाऱ्याच्या अंगाचं माप घेऊन अट लिहितात. गेलेल्या माणसाचा कोट खुंटीवर टांगून म्हणतात, हा ज्याला होईल त्याने यावं.

आता आपल्या घरातल्या उघड गोष्टी : लष्कराने तुला भाषाशाळेत रोमेनियन शिकवलं आणि आजोबा शेवटपर्यंत विचारत राहिले, जर्मन काय वाईट होतं. तुझ्या तळघरात बारा टेपयंत्रं आहेत. ही काही गुपितं नव्हेत. मार्सी ती सगळ्यांना सांगते, आणि त्या यंत्रांबद्दलचं तिचं मत तर गल्लीला पाठ आहे.

अर्ज कर. आजच कर. ती खुर्ची कुणा दुसऱ्याला होणारच नाही.

या बाबतीत मला पुढे काही विचारायचं नाही, हे मला कळतं. मोठ्या बहिणीला हे कळणं किती जड जातं, ते तुला कळावं एवढीच इच्छा.

खुशाली कळव. न कळवलीस तर मी तुझ्या मोटारीला विचारीन.
थिया

---

सेव्हर्न
१० मार्च २०२४

ती. थियास,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज केला होता. मुलाखत झाली. फोनवर झाली, आणि ती कशी झाली हे तुला माझ्याकडूनच कळावं.

फोन केलिन नावाच्या मुलीने केला. तिचं काम माणसं गोळा करायचं. तिच्याकडे परवाना नाही, त्यामुळे नोकरी कशाची आहे ते तिला माहीत नाही. समोर प्रश्नांची यादी असते, उत्तरापुढे हो किंवा नाही अशी खूण करायची. गोड मुलगी. आधी हवामानाबद्दल बोलली. रोमेनियन येतं का, हो. टेपयंत्रं, हो. मग तिने त्या प्रणालीचं नाव घेतलं आणि विचारलं, तुम्ही यावर काम केलंय का?

थिया, ते नाव मी चोवीस वर्षांत त्या इमारतीबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. (यावरून काही अर्थ काढू नकोस. ऐकलं असतं तरी असंच लिहिलं असतं.) मी म्हणालो, केलं की नाही केलं ते मला सांगता येणार नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिने मोठ्याने पुन्हा विचारलं. मी तेच म्हणालो. मग ती म्हणाली, सर, मग मी नाही म्हणून लिहू? मी म्हणालो, नाही म्हणून लिहायचं की नाही तेही मला सांगता येणार नाही. मार्सी पातेलं घेऊन उभी होती, तिने ते खाली ठेवलं. मुलगी कागद उलटत असल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली की यादीत फक्त दोनच रकाने आहेत.

दुसऱ्या दिवशी मार्सीने जाहिरातीचा कागद माझ्यापुढे धरला आणि त्या नावावर बोट ठेवलं. छापलेलं आहे, म्हणाली, सगळ्या जगाने वाचलंय, आणि तू एकटा लपवतोयस. तिचं बरोबर आहे. पण आम्हाला असंच शिकवलंय : गोष्ट वर्तमानपत्रात आली तरी आपल्यापुरती ती उघड झालेली नसते. कंपनीने छापलं ते चुकून छापलं असेल. चूक कंपनीची की माझी, हे विचारायला एकच ऑफिस आहे, आणि तिथे विचारायला परवाना कुणाच्या तरी नावावर असावा लागतो.

मला वाटतं तिने नाही लिहिलं. पंचवीस मार्चपर्यंत कळवणार आहे.

लोभ असू दे. या वेळी जरा जास्त.
वेंडेल

---

ॲथेन्स
१८ मार्च २०२४

चि. वेंडेलास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग चिडले, मग कोट चढवून नदीकाठी तीन मैल चालून आले. लहानपणी शेजाऱ्यांची काच फुटली तेव्हाही तू नाव सांगितलं नव्हतंस. काच कुणी फोडली ते सगळ्या गल्लीने पाहिलं होतं, आणि तू आईपुढे उभा राहून म्हणत होतास की मला सांगता येणार नाही. फोडली होती मी. तू मार खाल्लास. त्याची परतफेड करायला मला पंचेचाळीस वर्षं लागली, पण परवा केली.

मी त्या मुलीला फोन केला. कंपनीचा क्रमांक जाहिरातीतच होता. मी म्हटलं, मी वेंडेल हाउप्टची बहीण. तुमच्या यादीत चुकीची खूण झाली आहे. त्या प्रणालीवर माझ्या भावाने चोवीस वर्षं काम केलंय, ती खुर्ची त्याचीच होती, तुमची जाहिरात म्हणजे त्याचंच वर्णन आहे. वर्गात एखाद्याला विभक्ती समजावून सांगावी तसं सगळं समजावून सांगितलं. ती खरंच शहाणी मुलगी आहे. शेवटी फक्त विचारलं, मॅम, हे तुम्हाला कसं माहीत?

जाहिरात वाचून कळलं म्हणाले असते तर वेडी ठरले असते. मी म्हटलं, मी त्याची बहीण आहे, मला माहीत आहे. ती म्हणाली, थँक यू मॅम, मी हे लिहून ठेवते.

बघू. कधी कधी थोडं बोलावं लागतं. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात खरं, पण ते म्हणणाऱ्याला कधी मुलाखत द्यावी लागली नसावी.

मार्सीला प्रेम. पातेलं उचलायला सांग.
थिया

---

सेव्हर्न
२१ एप्रिल २०२४

ती. थियास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पाच वेळा लिहायला बसलो. हे पत्र वाचताना कृपा करून खुर्चीवर बस, आणि शेवटपर्यंत वाच.

केलिनने लिहून ठेवलं, आणि नियमाप्रमाणे त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवलं. ऑर्डवे म्हणून गृहस्थ आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी मला फोन केला. सभ्यपणे बोलले. त्यांचा प्रश्न एकच होता : तुमच्या बहिणीला तुमचं काम माहीत आहे असं ती म्हणते, तर ते तिला कुणी सांगितलं?

मी खरं सांगितलं. तिला जाहिराती मी पाठवल्या, आणि चौथी सावकाश वाच असं पत्रात लिहिलं. ऑर्डवेंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले की तेवढं वाक्य नसतं तर बरं झालं असतं. मीही तेच म्हणालो. तुझ्या फोनमुळे नव्हे, थिया, माझ्या त्या एका ओळीमुळे. इतक्या वर्षांत एवढी एकच ओळ लिहिली असेल. तुला तरी कळावं असं वाटलं होतं.

आता माझ्या नावापुढे एक नोंद उघडली आहे. मी स्वतःहूनही कळवलं, कारण आमच्यात तसं करायचं असतं. ती नोंद बंद करायची तर कुणीतरी मला बोलावून चौकशी करायला हवी. पण माझा परवाना कुठल्याच कंपनीच्या नावावर नाही, म्हणून मला बोलावायचा अधिकार कुणालाच नाही. कंपनीने नावावर घेतलं तर अधिकार येईल. आणि नोंद उघडी असलेला माणूस कुठलीही कंपनी नावावर घेत नाही. यावर तुझ्याकडे काही न्याय असेलच.

क्षमा मागणारं पत्र लिहू नकोस. मार्सी म्हणते थियाने लिहिलं तर त्यात तळटीपा असतील.

लोभ आहे तसाच आहे. त्यात काही बदल नाही, हे मुद्दाम लिहितोय.
वेंडेल

---

ॲथेन्स
९ मे २०२४

चि. वेंडेल,

न्याय नाही. त्रिशंकू आहे, पण त्याला वर ढकलणारा कुणी तरी होता.

क्षमा मागत नाही. काय केलं ते सांगते. एकोणीस पानांचं निवेदन लिहिलं : केवळ उघड जाहिरात आणि घरच्या उघड गोष्टी यांवरून मी काय अनुमान केलं, पायरीपायरीने, भावाने एक अक्षरही सांगितलेलं नाही. शपथेवर सही करून ऑर्डवेंना पाठवलं. त्यांनी ते न उघडता परत केलं. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती की मॅम, या पाकिटात तुमचं अनुमान असेल आणि ते बरोबर असेल, तर मला हे टपालाने घेताच येत नाही. आणि चूक असेल तर त्याचा उपयोग नाही. त्याखाली होतं, मला वाईट वाटतं. मला वाटतं त्यांना खरंच वाटलं.

आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की वाक्य नीट वाचलं की दार उघडतं. तुझं मी वाचून बंद केलं.

आशीर्वाद लिहिताना आज हात थांबतो. तरी लिहिते. अ. उ. आ.
थिया

---

सेव्हर्न
३ जून २०२४

ती. थियास,
शि. सा. न. वि. वि.

३१ मे शुक्रवारी होता. पत्र आलं नाही, फोन आला नाही. परवाना गेला की कुणी कळवत नाही, तारीख आपणच लक्षात ठेवायची. संध्याकाळी मार्सीने बारा खेकडे वाफवले, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्ही लाकडी हातोड्यांनी ते फोडत बसलो. शेजारचे विल्यमसन आले. ते त्याच रस्त्याने तीस वर्षं कामाला जात होते. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही, पण त्यांनी दोन बिअरच्या बाटल्या आणल्या होत्या, एरवी एकच आणतात.

ऑगस्टपासून शाळेची बस चालवणार आहे. त्यांच्या अर्जातही मागच्या नोकरीचा रकाना होता. मी लिहिलं : विविध कामांत मदत केली. आगारातली बाई म्हणाली, छान, इथेही तेच करायचंय. चौकशी तीन दिवसांत झाली. माझ्यावर एकही वाहतुकीचा दंड नाही हे त्यांना फार आवडलं.

एक गोष्ट मला आधी कधी नीट जाणवली नव्हती. परवाना दोन वर्षांत मरतो, पण पहिल्या दिवशी सही केलेला गप्प राहायचा कागद मरत नाही. तो माझ्याबरोबर पुरतील. म्हणजे आत जायचा हक्क गेला, आणि बाहेर काही बोलायचा कधी नव्हताच. याबद्दल मी रागावलोय का, असं मार्सीने विचारलं. मला सांगता येईना. या वेळी खरंच सांगता येईना.

शनिवारी, एक जूनला, चौथी जाहिरात पुन्हा आली. खुर्ची रिकामीच आहे. सगळ्या अटी त्याच. फक्त ते नाव काढून टाकलंय. म्हणजे ते चुकूनच छापलं गेलं होतं. मी त्या मुलीला सांगितलं नाही ते बरोबर होतं. हे कळल्यावर मी अंगणात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

कापून सोबत पाठवतोय. का पाठवतोय ते ठाऊक नाही. वाचून परत पाठव.

लोभ ठेव, थिया. तो ठेवायला सही लागत नाही.
वेंडेल

---

ॲथेन्स
१० जून २०२४

चि. वेंडेलास,
अ. उ. आ.

कात्रण पोचलं. सावकाश वाचलं, तीनदा. सोबत परत पाठवते आहे.

मला त्यातलं काही कळलं नाही.

ऑगस्टात येईन. तुझ्या बसमध्ये अगदी पुढच्या बाकावर बसेन आणि काही विचारणार नाही.

तुझी,
थिया